गेट ते डॉक: लांब पल्ल्याच्या गाडीवरचे न मोजलेले तास

मी एका मोठ्या मालवाहतूक कंपनीत लांब पल्ल्याचा ट्रेलर चालवतो. हे काम कसे असते, असे कोणी विचारले की विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा मोकळा रस्ता असतो. मला मात्र सर्वांत आधी गोदामाच्या गेटबाहेरची रांग आठवते. गेली काही वर्षे मी एका लहान वहीत प्रत्येक खेपेच्या दोन वेळा लिहून ठेवतो, एक गेटवर पोहोचल्याची आणि दुसरी माल उतरवून बाहेर पडल्याची. या दोन वेळांमधले तास माझ्या पगाराच्या हिशेबात जवळजवळ कोठेच दिसत नाहीत आणि आज मला त्यांच्याविषयीच लिहायचे आहे.

कंपनीचे जे चांगले आहे ते आधी सांगतो, कारण मी एकाच गाडीच्या मालकाकडेही काम केले आहे आणि दोन्हींतला फरक मला ठाऊक आहे. टायर गुळगुळीत झाला आहे असे सांगितल्यावर तिथे ‘एवढी एक खेप होऊ द्या’ असे उत्तर मिळत असे. इथे वर्कशॉपमध्ये टायरच्या खाचांची खोली मोजली जाते, ब्रेकचे लायनर वेळेवर बदलले जातात, मध्यरात्री गाडी बंद पडली तर फोन उचलणारा माणूस असतो आणि पगार ठरलेल्या तारखेला होतो. निघण्यापूर्वी गाडीभोवती चक्कर मारून चाकांचे नट, दिवे, ब्रेकच्या हवेच्या नळ्या आणि ट्रेलरच्या किंगपिनचे, म्हणजे त्याला पुढच्या गाडीशी जोडणाऱ्या खिळीचे, लॉक तपासायला मला कोणी घाई करत नाही. एअर ब्रेकच्या गाडीत स्प्रिंगचे ब्रेक हवेच्या दाबाने सोडवून धरलेले असतात आणि दाब फार खाली आला की ते आपोआप आवळले जातात. त्यामुळे कोठे बारीकशी गळती ऐकू आली तर ती शोधल्याशिवाय निघू नये, हे मला इथल्या प्रशिक्षणात शिकवले गेले आणि ते मी आजवर मोडलेले नाही.

या शिस्तीला कारण आहे. ताशी १०५ किलोमीटर वेगाने जाणारी, ३६ टनांच्या आसपास वजनाची भरलेली गाडी चांगल्या कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबायला सुमारे १६० मीटर घेते, तर त्याच वेगाची मोटार १०० मीटरच्या आत थांबते. म्हणून मी पुढे जी जागा मोकळी सोडतो ती माझ्या ब्रेकसाठी असते, परंतु मोटारचालकांना ती रिकामी जागा वाटते आणि ते तिच्यात शिरतात. त्यांना सांभाळून घेण्यासाठी जोरात ब्रेक दाबावा लागला की केबिनमधले कॅमेऱ्याचे यंत्र त्याची नोंद करते आणि दुसऱ्या दिवशी मला खुलासा द्यावा लागतो. मी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. एका अपघाताच्या चौकशीत कॅमेऱ्याच्या चित्रणामुळेच माझा दोष नव्हता हे सिद्ध झाले. माझे म्हणणे एवढेच आहे की, जे यंत्र ब्रेकचा प्रत्येक झटका मोजते त्याने माझी प्रत्येक प्रतीक्षाही मोजावी.

एका खेपेला मी सकाळी ६ वाजता, म्हणजे दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी, एका मोठ्या गोदामाच्या गेटवर पोहोचलो. त्यासाठी रात्री ११ वाजता निघालो होतो. कागद दिले, नोंद झाली आणि गाडी आवारातल्या रांगेत लावायला सांगितले. दर वीस-पंचवीस मिनिटांनी रांग एका गाडीइतकी पुढे सरकत असे, म्हणून आडवे होऊन झोपणे शक्य नव्हते. डोळा लागला आणि पुढची गाडी हलली, की मागून हॉर्न वाजायचे. पाऊण वाजता मला डॉक, म्हणजे माल उतरवायचा धक्का, मिळाला. माल उतरायला दीड तास लागला, पावतीवर सही-शिक्का मिळायला आणखी अर्धा तास गेला आणि पावणेतीन वाजता मी गेटबाहेर पडलो. याच वेळी नियोजन कक्षातून फोन आला, ‘तुमची गाडी सकाळपासून हललेली दिसत नाही, पुढचा माल पाच वाजता भरायचा आहे.’ फोन करणारा मुलगा वाईट नव्हता. त्याच्या पडद्यावर गाडी एका ठिपक्यासारखी उभी होती आणि उभ्या ठिपक्याचा अर्थ विश्रांती असा होतो, असे त्याला खरोखरच वाटले होते.

मोठ्या कंपनीत काम करण्याचा खरा अनुभव या फोनमध्ये आहे. मालक एकच असतो तेव्हा त्याला चालकाचा आवाज ऐकून कळते की हा माणूस थकला आहे. शेकडो गाड्यांच्या कंपनीत मला गाडीच्या क्रमांकाने ओळखणारे आठ-दहा लोक आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना मी कधी भेटलेलो नाही. मला त्यात अपमान वाटत नाही, इतक्या मोठ्या व्यवस्थेला क्रमांकाशिवाय चालता येणार नाही. पण क्रमांकावर चालणारी व्यवस्था जे मोजते तेवढेच तिला दिसते, आणि ती किलोमीटर मोजते. माझा मोबदलाही मुख्यतः किलोमीटरवर ठरतो, त्यामुळे त्या दिवशीच्या जवळजवळ नऊ तासांत, म्हणजे एका पूर्ण पाळीत, माझी कमाई शून्याच्या आसपास होती.

हा प्रश्न एका कंपनीचा किंवा एका देशाचा नाही. अमेरिकेत १९३८ साली किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला यांविषयीचा कायदा झाला, त्यात आंतरराज्य मालवाहतुकीच्या चालकांना जादा कामाच्या दीडपट वेतनाच्या तरतुदीतून वगळले गेले आणि ती सूट आजही कायम आहे. वाट पाहायला लावल्याबद्दल चालकाला जादा पैसे द्यावे लागत नसतील, तर रांग लहान करण्याची घाई कोणाला असणार? गोदामाला डॉकवर आणखी माणसे ठेवण्यापेक्षा आवारात गाड्या उभ्या ठेवणे स्वस्त पडते, कंपनी मोठा ग्राहक दुखावायला तयार नसते आणि मधला सगळा वेळ चालकाच्या खिशातून जातो.

पैशाचे नुकसान मी एक वेळ सोसले असते, परंतु हे तास झोपेतूनही वजा होतात. गाडी चालवण्याच्या वेळेवर जवळपास सगळीकडे कायद्याची मर्यादा आहे आणि ती असायलाच हवी. युरोपीय संघाच्या २००६ सालच्या नियमानुसार साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते आणि दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १० तास, यापेक्षा अधिक चालवता येत नाही. तिथल्या टॅकोग्राफवर, म्हणजे चालकाच्या वेळेची नोंद ठेवणाऱ्या यंत्रावर, चार चिन्हे असतात: चालवण्यासाठी स्टिअरिंग, इतर कामासाठी एकमेकांवर आडवे हातोडे, विश्रांतीसाठी पलंग आणि चौथे, तिरकी रेघ मारलेला चौकोन. हा चौकोन उपलब्धतेचा, म्हणजे काम नाही पण बोलावले की हजर व्हायचे आहे अशा वेळेचा. आमच्या आयुष्यातल्या इतक्या मोठ्या भागाला कोणीतरी निदान एक चिन्ह दिले, याचे मला ते पहिल्यांदा समजले तेव्हा फार बरे वाटले होते.

अमेरिकेत १० तासांच्या विश्रांतीनंतर चालक कामावर हजर झाला की १४ तासांचे घड्याळ सुरू होते आणि त्याच्या आत त्याला जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. केबिनमधल्या झोपायच्या बर्थमध्ये घेतलेल्या दीर्घ विश्रांतीसारख्या काही सवलती सोडल्या तर ते घड्याळ रांगेत उभे असतानाही चालूच राहते. आता अशा व्यवस्थेत आठ तास गेटच्या आत गेले तर उरलेल्या वेळात काय होते याचा विचार करा. चालकापुढे एकच गणित उरते: घड्याळ संपायच्या आत जितके अंतर कापता येईल तितके कापायचे. ज्या नियमाने त्याला थांबवायचे, तोच त्याला शेवटच्या तासात वेग वाढवायला लावतो आणि वर अंधारात पार्किंगची जागाही त्याच तासात शोधावी लागते. यावर उपाय म्हणून मर्यादा सैल करावी असे काही जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही, कारण शरीर त्या रांगेत विश्रांती घेत नसते.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका ढासळतो. रात्री ११ वाजता निघण्यासाठी मी आदल्या दिवशी दुपारी उठलो होतो. पावणेतीन वाजता गेटबाहेर पडताना मला जागे होऊन २४ तासांहून अधिक वेळ झाला होता. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. चार सेकंदांची डुलकी लागली तर गाडी १०० मीटर कोणाच्याही ताब्यात नसते. मी हे गणित फोनवर त्या मुलाला सांगितले आणि पाच वाजताचा माल घेणार नाही, असेही सांगितले. तो काही क्षण गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘मी लिहितो की चालकाने नकार दिला.’ मी म्हटले, ‘तसे लिहा, पण गेटची वेळही लिहा.’ मग मी जवळच्या पार्किंगमध्ये पडदे ओढले आणि रात्री दहापर्यंत झोपलो.

त्या नकाराची नोंद माझ्या नावावर झाली. महिनाभराने वार्षिक आढाव्यात ती वाचून दाखवली गेली, तेव्हा मी वही काढून व्यवस्थापकांसमोर ठेवली. त्यांनी त्याच गोदामाच्या सगळ्या खेपांची पाने उलटली, दोन वेळा मागे जाऊन पुन्हा पाहिली आणि मला विचारले की इतर चालकही अशी नोंद ठेवतात का. मी सांगितले की तिघे ठेवतात. त्यांनी आमच्या चौघांच्या वह्यांच्या प्रती मागवून घेतल्या. प्रतीक्षेचा मोबदला अजून सुरू झालेला नाही. पण त्या गोदामाची खेप संपल्यावर त्याच दिवशी दुसरा माल देणे नियोजन कक्षाने बंद केले आहे आणि पावतीवर आता गेटच्या वेळेसाठी एक रकाना आला आहे.

तिथली माझी पुढची खेप गुरुवारी आहे. वहीत सहा पाने उरली आहेत, म्हणून नवी वही आणून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे.