पहिला दोर, बारा क्विकड्रॉ आणि गोव्याचा पावसाळा

माझे मामा मालीमच्या जेटीवर ट्रॉलरचे हिशेब बघतात. क्लाइंबिंगसाठी स्वतःचा दोर घेणार म्हटल्यावर त्यांचा सल्ला तयारच होता : "इतके पैसे कशाला घालवतेस गो? आमच्याकडचा दोर ट्रॉलर ओढतो, तो तुला नाही पेलणार?"

पेलेल की. पण प्रश्न पेलण्याचा नाहीच. लीड करताना, म्हणजे खडकात ठोकलेल्या बोल्टांना दोर अडकवत वर जाताना, शेवटच्या बोल्टच्या दोन मीटर वर हात सुटला, तर माणूस चार मीटर आणि वर जी काही ढील असेल तेवढा खाली येतो. जो दोर ताणला जात नाही तो हे पडणं एका झटक्यात थांबवतो. दोराला काही होत नाही. झटका जातो तो कंबरेला, पाठीला आणि वरच्या बोल्टला. डायनॅमिक दोराचं काम तुटू न देणं एवढंच नसून ताणून तो झटका गिळणं हे आहे. ईएन ८९२ या युरोपीय मानकाच्या चाचणीत ८० किलोचं वजन दोराला बांधून खाली सोडतात. पहिल्या पडण्याचा झटका १२ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण बाराशे किलो भाराच्या आत राहिला पाहिजे आणि दोर असली किमान पाच पडणी टिकला पाहिजे. मामांचा पॉलिप्रोपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो, त्याच्या कामाला तो उत्तम. पण या परीक्षेला तो कधी बसलेलाच नाही.

मामांपेक्षा मोठा घोळ दुसरीकडे होता. रॅपलिंग करवणारे जो दोर वापरतात तो सेमी-स्टॅटिक असतो, त्याचं मानक ईएन १८९१. दिसायला अगदी आपल्याला हवा तसाच, बाहेर विणलेलं आवरण आणि आत गाभा. किंमत कमी आणि मिळतोही लवकर. ऑनलाइन दुकानं दोन्ही एकाच यादीत 'क्लाइंबिंग रोप' म्हणून लावतात. मी तर फोटो बघणंच सोडून दिलं. दोराच्या टोकाच्या पट्टीवर वर्तुळात १ आहे का (म्हणजे एकटाच पुरणारा सिंगल रोप) आणि माहितीपत्रकात ईएन ८९२ लिहिलंय का, एवढंच आधी बघायचं. वर्तुळात ½ असेल तर तो हाफ रोप, म्हणजे दोन दोर सोबत घेऊन चढायच्या पद्धतीतला. आमच्यासारख्यांना तो नको.

आम्ही म्हणजे मी आणि सुलक्षा. ती फोंड्याची, मी म्हापशाची. कोर्स झाला, नंतर बदामीत भाड्याच्या सामानावर काही मार्ग केले, आणि दर वेळी कुणाचा तरी दोर मोकळा होण्याची वाट बघण्याचा कंटाळा आला. खर्च निम्मा निम्मा ठरला. मग वाद सुरू झाले.

पहिला वाद पडण्यांच्या आकड्यावरून. एका दोरावर ५ लिहिलेलं, दुसऱ्यावर ९. सुलक्षाचं म्हणणं, नऊवाला जवळजवळ दुप्पट टिकेल. तो आकडा मात्र टिकण्याचा नव्हे. चाचणीत वजन पडतं त्या अंतराला बाहेर असलेल्या दोराच्या लांबीने भागलं तर १.७७ च्या आसपास येतं, आणि दोराच्या त्याच भागावर दर पाच मिनिटांनी पुन्हा घाव घालतात. आपण दहा-बारा मीटर वर असताना तीन मीटर पडतो, तेव्हा हाच भागाकार ०.३ च्या घरात असतो. नऊ असेल तर बरंच, पण मी त्यासाठी जादा पैसे मोजले नसते.

मला महत्त्वाचा वाटला तो स्थिर ताणाचा आकडा. ८० किलो नुसते टांगले तर दोर किती टक्के लांबतो, हे तो सांगतो; सिंगल रोपसाठी मर्यादा १० टक्के. कागदावर हे किरकोळ दिसतं. पण वीस मीटरच्या भिंतीवर टॉप रोप लावला, म्हणजे दोर वरच्या टोकाच्या अँकरमधून ओवून खाली आणला, की चढणाऱ्या आणि बिले देणारीच्या (खाली उभं राहून दोर सांभाळणारीच्या) मधे जवळजवळ चाळीस मीटर दोर असतो. त्याचे आठ टक्के म्हणजे तीन मीटरच्या वर. घर्षणामुळे सगळा ताण येत नाही, तरी जमिनीपासून दीड-दोन मीटरवर हात सुटला तर दोर घट्ट असूनही टाच जमिनीला टेकू शकते. नवख्यांची निम्मी चढाई टॉप रोपवरच होते, त्यामुळे कमी ताणणारा दोर आमच्या जास्त उपयोगी पडणार होता.

लांबीचा निर्णय बदामीने केला. "गोव्यातच का नाही चढत, वागातोरला कडे आहेत की," असं विचारणारे पुष्कळ भेटतात. ते कडे जांभ्याचे. मुठीत भुगा होणाऱ्या दगडात बोल्ट कुणी आणि का ठोकावा? आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे स्टेनलेस स्टीलचे बोल्टसुद्धा आतून चिरत जातात, बाहेरून चकचकीत दिसत असले तरी. थायलंडच्या समुद्रकड्यांवर याच कारणाने टायटॅनियमचे बोल्ट रासायनिक गोंदाने बसवायची वेळ आली. तेव्हा आमची भिंत बदामीचीच : लाल वालुकाश्म, बोल्ट मारलेले मार्ग, मडगावहून ब्रागांझा घाट चढून हुबळी आणि तिथून पुढे. आम्हाला झेपणारे तिथले मार्ग ३० मीटरच्या आत बसतात आणि खाली उतरवायला मार्गाच्या दुप्पट दोर लागतो. म्हणून ६० मीटर. सुलक्षाला ७० हवा होता, टोकं झिजली की कापता येतात म्हणून. मुद्दा खरा होता, पण तेवढं ओझं आणि तेवढे पैसे दोन्ही नको झाले. दोर साठचा असो की सत्तरचा, बिले देणारीच्या बाजूच्या टोकाला गाठ मारायचीच. ती नसली तर चढणारीला खाली सोडताना टोक बिलेच्या उपकरणातून सुटून जाऊ शकतं.

जाडी ९.८ मिलिमीटर. वालुकाश्म आवरण सोलतो, म्हणून नऊच्या आसपासचे हलके, देखणे दोर बाजूला ठेवले. वर अकरापर्यंत गेलं तर बिले देताना दोर सरकत नाही आणि पाठीवर वजन चढतं. ९.८ चा मीटरला ६३-६४ ग्रॅम भरतो, म्हणजे पूर्ण दोर पावणेचार किलोच्या जरासा वर. आमच्या ग्रिग्रीवर, म्हणजे बिले द्यायच्या उपकरणावर, ८.५ ते ११ अशी जाडी लिहिलेली आहे, त्यात तो मधोमध बसला.

ड्राय ट्रीटमेंटवर मात्र खरी जुंपली. गोव्यात राहतो, इथे भिंतीसुद्धा घाम गाळतात, तर पाणी न पिणारा दोर नको का? सुलक्षाचं हे म्हणणं ऐकायला एकदम पटतं. भिजलेलं नायलॉन कमकुवत होतं हेही खरं. पण ती प्रक्रिया बर्फात, हिमनदीवर, पावसात अडकणाऱ्यांसाठी आहे. जून ते सप्टेंबर आम्ही चढतच नाही. पावसाळ्यात दोर कपाटात असणार, आणि दमट कपाटाचा इलाज त्या लेपात नाही. ते पैसे वाचवून आम्ही दोराची पिशवी घेतली, जिच्यात जमिनीवर पसरायची ताडपत्री शिवलेली असते. बदामीची लाल वाळू आवरणातून आत शिरते आणि आतले तंतू कातरत राहते; ताडपत्री नसेल तर दोर बघता बघता म्हातारा होतो.

मधेच हरमलहून एक निरोप आला. एका गेस्टहाऊसमध्ये कुणी परदेशी पाहुणा आपला दोर मागे ठेवून गेला होता, पाव किमतीत मिळत होता. दिसायला झकास. पण तो किती वेळा पडला, किती उन्हाळे उन्हात होता, कुठल्या गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी लोळला, हे सांगणारं कुणी नव्हतं. आम्ल नायलॉनला खातं आणि वरून डाग दिसेलच असं नाही. नाही म्हटलं.

क्विकड्रॉ म्हणजे छोट्या पट्ट्याने जोडलेले दोन कॅराबिनर, गेट असलेल्या धातूच्या कड्या : एक बोल्टला, दुसरा दोराला. त्यांच्या बाबतीत डोकं कमी खपलं. बारा घेतले : मार्गात नऊ-दहा बोल्ट, वर अँकरला दोन. आठ १२ सेंटिमीटरचे, चार १७ चे. लांबवाले मार्ग वळतो तिथे लागतात, नाहीतर दोर नागमोडी जाऊन घासतो. कॅराबिनरच्या कण्यावरचे आकडे सगळ्यांचे थोड्याफार फरकाने सारखेच. लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, गेट उघडं असताना आणि आडवं खेचल्यावर किमान ७. दोन आणि तीन ग्रॅमच्या फरकावर पानंच्या पानं लिहिलेली वाचली आणि सोडून दिली. मी बघितलं ते हाताला. माझा पंजा लहान, बुटके कॅराबिनर घामट बोटांनी क्लिप करताना दोर बोटांवरच चढायचा. म्हणून मोठ्या आकाराचे. बोल्टकडच्या बाजूला कीलॉक, म्हणजे नाकाला खाच नसलेलं, काढताना हँगरला, म्हणजे बोल्टवरच्या भोकाच्या पट्टीला, अडकत नाही. दोराच्या बाजूला तारेचं गेट, झटक्यात ते कमी फडफडतं. आणि पट्टा रुंद नायलॉनचा, कारण अडलं की आम्ही दोघीही क्विकड्रॉलाच लटकतो. लपवण्यात अर्थ नाही.

दोन्ही बाजूंची अदलाबदल कधी करायची नाही. बोल्टच्या हँगरने कॅराबिनरच्या आतल्या कडेवर ओरखडे पडतात, आणि तीच कडा उद्या दोराच्या बाजूला आली तर करवतीचं काम करते. दोराकडच्या बाजूला रबर असतं ते ओळखीसाठीही उपयोगी पडतं. मात्र पट्टा खरोखर कॅराबिनरमधून ओवलाय, नुसत्या रबराने धरलेला नाही, हे प्रत्येकाचं उलटून बघितलं.

पार्सल आल्यावर दोर कारखान्याच्या गुंडाळीतून थेट ओढायचा नसतो, पीळ बसतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. सुलक्षाने गुंडाळी दोन्ही हातांत धरून फिरवली, मी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत गेले. मग सगळा दोर चिमटीतून सरकवला, कुठे मऊ किंवा फुगीर लागतो का बघत. आई तुळशीपुढे दिवा लावून आत आली आणि म्हणाली, "वाट ठेवा हो जायला."

ठेवायची जागा शोधणं हे त्याहून कठीण निघालं. जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी, म्हणजे तिथे नाही. गच्चीवरच्या खोलीत ऊन. शेवटी आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, पंख्याच्या वाऱ्यात पिशवी टांगली. क्विकड्रॉ पर्वरीला सुलक्षाच्या ऑफिसच्या लॉकरमध्ये होते. पाऊस संपेपर्यंत दोन-तीन गेटांच्या बिजागरीला पांढरी भुकटी आली. गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून, पट्ट्याला न लागू देता वंगणाचा एक थेंब टाकला आणि गेटं पुन्हा खटाखट मिटू लागली. आता तेही माझ्याकडेच आहेत.

राहिला हिशेब. दोर आधी संपणार. न वापरताही बहुतेक उत्पादक दहा वर्षांच्या पुढे तो वापरू देत नाहीत, आणि वालुकाश्मावर त्याच्या कितीतरी आधी तो जाईल. क्विकड्रॉची धातू मात्र बरीच पुढे चालेल, फक्त पट्टे बदलावे लागतील. त्यामुळे 'दोर तुझा, क्विकड्रॉ माझे' हा सुलक्षाचा प्रस्ताव मी लगेच फेटाळला. दोराचे पैसे दोघींचे, क्विकड्रॉ सहा-सहा, आणि एकीचं लग्न होऊन ती दुसरीकडे गेली तर दोर मागे राहणारीचा. हे वहीत लिहून दोघींनी सह्या केल्यात. त्याच वहीत प्रत्येक वेळी कुठलं टोक बांधलं तेही लिहितो, म्हणजे पुढच्या खेपेला दुसरं.