तुम्ही विचारलंत म्हणून: पुढचं शीड लहान का केलं

होय, पुढचं शीड मी लहान केलं. बेळगावात शहापुरात पाहुणेमंडळी विचारतात, पणजीला मांडवीवर शेजारच्या होडीतले विचारतात, आणि परवा उद्यमबागेत चहा पिताना एकजण थेटच म्हणाला, "चांगलं मोठं शीड होतं की, काढलंत कशाला? भ्यालात काय?" तीन वर्षं मी "वय झालं बघा" म्हणून विषय बदलत आलो. ते उत्तर खरं नव्हतं.

आधी हिशेब सांगतो. होडी तीस फुटी. जुना जेनोआ, म्हणजे मोठं पुढचं शीड, दीडशे टक्क्यांचा, म्हणजे त्याचा मागचा कोपरा डोलकाठी ओलांडून बराच मागं यायचा. नवा जिब, म्हणजे लहान पुढचं शीड, शंभर टक्क्यांचा, डोलकाठीपाशी संपतो. 30 चौरस मीटर कापडावरून मी 20 वर आलो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. 10 नॉटचा (ताशी सागरी मैलांचा) वारा 15 झाला की शिडावरचा ताण सव्वादोनपट. जेनोआवर 15 नॉटला जो ताण यायचा, तो नव्या शिडावर 18 नॉटच्या पुढं येतो. एप्रिलातल्या दुपारी एवढा फरक एकट्या माणसाला पुष्कळ असतो.

फर्लर, म्हणजे शीड गुंडाळायचं साधन, आहे ना, वारा वाढला की गुंडाळून घ्या, असं म्हणाल. हे मीच सगळ्यांना सांगायचो. "मोठं शीड लहान करता येतं, लहान शीड मोठं करता येत नाही," हे माझंच वाक्य, दहा वर्षं ऐकवलेलं. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं, अर्धं गुंडाळलेलं शीड तू नीट बघितलंस का कधी? पुढच्या कडेला कापडाची जाड वळकटी होते, मधे पोट सुटतं, होडी वाऱ्याच्या तोंडावर चढत नाही, नुसती कलते. शीटची, म्हणजे शीड ओढून धरायच्या दोराची, कप्पी पुढं सरकवायची ती वेगळीच. दोघं असताना हे जमायचं. धाकटा भाऊ बरोबर असायचा. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि मी होडीत काहीएक न बदलता तसाच एकटा जात राहिलो. चूक तिथं आहे, शिडात नाही. हे मला आता कळतंय, तेव्हा कुणी सांगितलं असतं तर भांडलो असतो.

एके दिवशी गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाकडून परत येत होतो. वायव्येचा वारा दुपारी चढला. आग्वादच्या खाडीत शिरायला टॅक घेत, म्हणजे वाऱ्यासमोरून आलटून पालटून वळत, वर चढायचं होतं, सुकाणू ऑटोपायलटवर. काबोच्या टोकाच्या अलीकडे टॅक घेतला. जेनोआ एका बाजूचा दुसऱ्या बाजूला नेताना ते सगळं कापड डोलकाठीच्या पुढून ओढून न्यावं लागतं. शीटची गाठ बाजूच्या तारेत अडकली. शीड अर्धं इकडं, अर्धं तिकडं, आणि त्याचा फडफडाट छातीत बसत होता. पुढं गेलो, गाठ सोडवली, मागं आलो आणि विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या ड्रमवर, शीटचे दोनच वेढे टाकून ओढायला लागलो. नेहमी तीन टाकतो. तिसरा टाकायला डावा हात ड्रमजवळ नेला, तेवढ्यात शीड भरलं. दोर उलटा धावला. दोन बोटं दोर आणि ड्रमच्या मधे गेली.

लगेच दुखलं नाही. उजव्या हातातलं दोराचं टोक सोडलं तेव्हा बोटं सुटली, आणि मग दिसलं. अनामिकेचं नख करंगळीकडं फिरलेलं होतं. खडक समोर मोठे होत चालले होते. इंजिन लावलं, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडं वळवली. फर्लरचा दोर उजव्या हातानं ओढायचा, दातात धरायचा, परत ओढायचा. किती वेळ लागला आठवत नाही. तोंडातली दोराची खारट चव तेवढी आठवते.

घरी सांगितलं, लेथवर लागलं. बायकोनं विश्वास ठेवला. कारखान्यात आमच्या जुन्या मिस्त्रींनी मात्र हात बघितला आणि म्हणाले, "मालक, हे मशीनचं नव्हे. मशीन असं पिळत नाही." मी गप्प बसलो. तीस वर्षं मीच पोरांना ओरडत आलोय, फिरत्या चकजवळ हात नेऊ नका, हातमोजे घालून लेथला उभं राहू नका. आणि समुद्रावर ताणाखालच्या ड्रमजवळ मी रोज बोटं नेत होतो.

बायकोला खरं सांगायला चार महिने गेले. ती रागावली नाही. "तुम्ही परत आला नसता तर मला कुणी सांगितलं असतं?" एवढंच विचारलं. त्या आठवड्यात मी जिबची ऑर्डर दिली. तेव्हा होय, भ्यालो.

कुणीतरी कमांडर दिलीप दोंदेंचं नाव काढतंच. 2009-10 मध्ये 56 फुटी 'म्हादेई'तून ते एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तुम्हाला तीस फुटी झेपेना? म्हादेई नदी आमच्या खानापूर तालुक्यात उगम पावते, पुढं तिचीच मांडवी होते. त्या नावाच्या होडीचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण दोंदे तिच्या बांधणीपासून तिच्याबरोबर होते. ते तयारी करून एकटे निघाले. मी भाऊ पुण्याला गेला म्हणून एकटा पडलो.

आता टॅकला शीट बहुतेक हातानंच ओढून होते, विंचचं हँडल लागलंच तर शेवटी दोन फेऱ्यांपुरतं. पण सकाळच्या मतलई वाऱ्यात, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडं येणाऱ्या वाऱ्यात, पाचेक नॉटवर, होडी जागची हलत नाही. शेजारची जेनोआवाली शांतपणे पुढं निघून जाते आणि माझा जीव तुटतो. मग इंजिन लावतो. हलक्या वाऱ्याचं वेगळं शीड घ्या, असं सांगतात. पण तेही चढवायला आणि उतरवायला मी एकटाच.

जुना जेनोआ शहापुरात माळ्यावर आहे. पावसाळा संपला की गच्चीवर पसरून वाळवतो, अर्धी गच्ची भरते. गोव्याहून एकानं विकत मागितला आणि मापं विचारली. मापं पाठवली. किंमत अजून सांगितलेली नाही.