रंग नसलेली क्लेरँ

“रंग नाही, लाकडी पिंपात मुरवलेलीही नाही, मग एवढी किंमत कशाची?” असे म्हणून शेजारच्या गृहस्थांनी क्लेरँचा पेला बाजूला सारला आणि ते बोलणे मला संध्याकाळभर टोचत राहिले.

हैतीत क्लेरँ हे मद्य सहसा उसाचा ताजा रस नैसर्गिक यीस्टवर आंबवून छोट्याशा भट्टीवर गाळतात. सें-मिशेल गावच्या ‘साजू’ या क्लेरँचा पेला नाकाजवळ नेताच नुकत्याच तोडलेल्या उसाचा हिरवा वास येतो, मग लिंबाच्या सालीचा कडवटपणा जिभेवर उतरतो, आणि मद्यार्क ५० टक्क्यांहून अधिक असूनही घशात जाळ न होता मिरीसारखी ऊब रेंगाळते. कावायाँ गावची ‘वाव्हाल’ क्लेरँ मात्र स्पष्ट खारट लागते.

एका गावचा ऊस दुसऱ्या गावाहून इतका वेगळा बोलत असताना त्यावर लाकडाची चव चढवायचीच कशाला?