पितळेचा सांधा

सकाळची बोट दाभोळहून येऊन लागली की धोपाव्याच्या चढावर गाड्यांची रांग लागते. त्या रविवारी रांग निघून गेली, धूळ खाली बसली आणि मग एक बाई सायकल ढकलत वर आली. चढ तसाच आहे, सायकलवाले तिथे उतरतातच. पण ही सपाटीला लागल्यावरही बसली नाही. ढकलत ढकलत माझ्या वर्कशॉपपर्यंत आली, मागच्या चाकाजवळ बोट दाखवलं आणि एवढंच म्हणाली, "वेल्डिंग?"

माझं काम गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेडचे सांगाडे, पावसाआधी पॉवर टिलरची दुरुस्ती आणि बंदरावरच्या बोटींचं काहीबाही. अंजनवेलला वीज प्रकल्पाचं बांधकाम चालू होतं तेव्हा मी विशीत होतो. तिथे ठेकेदाराकडे पाइपांच्या वेल्डिंगवर हात बसला. त्याच्याही आधीचा हात मात्र वडिलांकडचा. त्यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, आणि चाक धरणारा चिमटा तुटला की ते गॅसवर पितळ घालून झाळायचे. पितळ नीट पसरावं म्हणून लावायचा टाकणखार पेटीतून काढून देणं हे माझं लहानपणीचं काम. दुकान गेलं, पण गॅसचा सेट मी ठेवला. आता तो वर्षातून चार-पाचदा लागतो, बर्फाच्या मशीनच्या तांब्याच्या नळ्यांना.

आमच्या रस्त्याला सायकलवाले नवीन नाहीत. थंडीत मुंबईहून गोव्याकडे किनाऱ्याने जाणारे दिसतात. आगरदांड्याला, बागमांडल्याला, दाभोळला अशा बोटी बदलत ते खाली सरकतात. त्यांच्या सायकली बहुतेक ॲल्युमिनियमच्या, जाड नळ्यांच्या. ही वेगळी होती. नळ्या बारीक, जुन्या हिरव्या रंगाच्या, आणि नळीला नळी मिळते तिथे वेल्डिंगचे खवले नव्हते. एक नळी दुसरीत वितळून गेल्यासारखा गुळगुळीत उतार होता. मी बोट फिरवलं. हे पितळ होतं, वर कानशीने घासून रंगवलेलं. असा सांधा करायला एकेका जागी किती वेळ जातो ते मला माहीत आहे. पाच-सहा सांधे बघेपर्यंत मी तडा बघायचाच विसरलो.

मुलगी चिपळूणला डिप्लोमा करते, रविवार म्हणून घरी होती. तिच्या इंग्रजीतून बाकीचं कळलं. बाई इटलीच्या, वय छप्पन्न, उंची पाच फुटांच्या आत-बाहेर. दुकानातल्या तयार लांब पल्ल्याच्या सायकलीत त्यांचं माप बसत नाही. मोठं चाक लावलं की वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला घासतो. म्हणून मिलानजवळच्या एका कारागिराकडून त्यांनी अंगाला माप लावून ही फ्रेम करून घेतली होती. नळ्या कोलंबसच्या, म्हणजे मिलानमध्येच १९१९ साली सुरू झालेल्या नळ्यांच्या कंपनीच्या. पोलादात एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि जरासं मॉलिब्डेनम, त्यामुळे नळी पातळ ठेवली तरी ताकद राहते. चाकं २६ इंची, कारण तो टायर आपल्याकडच्या गिअरच्या सायकलींनाही असतो, कुठल्याही तालुक्याला मिळतो. ट्यूबचा वॉल्व्ह मोटारसायकलचा असतो तसा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता यावी म्हणून. एकेक गोष्ट ऐकताना मला जाणवत होतं की त्या माणसाने ही सायकल करताना आपल्यासारख्या गावांचा विचार केलेला आहे.

समरकंदपासून त्या निघाल्या होत्या. ताजिकिस्तानातला पामीरचा डोंगरी रस्ता, तिथली ४,६५५ मीटरची अक-बैताल खिंड, पुढे किर्गिझस्तान, मग विमानाने दिल्ली, आणि राजस्थान-गुजरात करत इथवर. कन्याकुमारीला जायचं होतं. हर्णैपासून पायडलवर जोर दिला की मागून टक टक आवाज यायला लागला. दाभोळच्या जेटीवर सामान काढून बघितलं, तेव्हा रंगावर केसासारखी रेघ दिसली.

रेघ उजव्या बाजूला, खालच्या नळीवर, मागच्या चाकाचा आख बसतो त्या खाचेच्या अंगठाभर अलीकडे होती. ही नळी चेनच्या बाजूची, पायाचा सगळा जोर तिच्यावर येतो. पॉलिश पेपरने रंग घासला. रेघ बाहेरून खाली वळून नळीच्या निम्म्याहून जास्त घेराला गेली होती, आणि आतून गंजाचा पिवळा डाग येत होता. म्हणजे तडा आजचा नव्हता. रंगाखाली दोन आडवे दाबही सापडले. विचारल्यावर कळलं की प्रवासात त्यांनी साइड स्टँड बसवून घेतला होता, नळीला पट्ट्या आवळून. पातळ नळी तिथे चेपली, पामीरच्या पन्हळी रस्त्याने तिला महिनाभर हादरे दिले, आणि खाऱ्या हवेने उरलेलं केलं. पोलादाचा एक मोठा गुण असा की बऱ्याचदा ते आधी आवाज करतं, रेघ दाखवतं, वेळ देतं. त्यांना तो वेळ मिळाला.

आता मला भीती वाटायला लागली, आणि ती का वाटली ते सांगतो. ही नळी जेमतेम ०.८ मिलिमीटर. माझ्या गेटच्या कामाचा आर्कचा, म्हणजे विजेच्या वेल्डिंगचा, रॉड लावला तर तडा जोडला जाणार नाही, भोक पडेल. शिवाय मूळ सांधा पितळेचा; पितळ लागलेल्या जागी आर्क मारला की जस्त उकळून धूर होतो आणि तांबं पोलादात शिरून नवे तडे काढतं. म्हणजे गॅस आणि पितळ हाच मार्ग. पण दुरुस्तीची जागा मूळ सांध्यापासून अंगठाभरच. पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं. मी माझा सांधा वितळवताना त्या माणसाचा सांधा सुटला, तर चाकाची खाच हलेल, आणि मग ही फ्रेम इथे कोणीच सरळ करू शकणार नाही. मी स्पष्ट सांगितलं, "मी करू शकतो असं मला वाटतं. पण करण्याआधी ज्याने बनवली त्याला विचारू या."

बाईंनी लगेच फोन लावला. आमच्याकडे साडेअकरा, तिकडे सकाळचे सात. पडद्यावर पांढऱ्या दाढीचा माणूस आला, स्वेटर अंगात घालत जिना उतरत होता. घराखालीच त्याची वर्कशॉप. माझं मराठी, मुलीचं इंग्रजी, बाईंचं इटालियन, आणि उत्तर त्याच वाटेने परत. तडा दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ज्योत पेटवून दाखव. मी पेटवली, ऑक्सिजन कमी-जास्त करून आतला निळा सुळका बारीक आणि गोल केला. त्याने मान हलवली. मी पितळेचा रॉड कॅमेऱ्यासमोर धरला. त्याने त्याच्या फळीवरून स्वतःचा रॉड उचलून तसाच समोर धरला. दोन्ही रॉड एका पडद्यावर दिसत होते. तिघांच्या भाषांतरातून तोवर जे पोचलं नव्हतं, ते तेव्हा पोचलं असं मला वाटलं.

मी त्याला माझा बेत सांगितला. तड्याच्या दोन्ही टोकांना २ मिलिमीटरचं भोक, म्हणजे तो पुढे सरकणार नाही; वरून नळीला धरून बसेल अशी पत्र्याची खोळ; आणि दोन्हींच्या मध्ये पितळ. आतल्या बाजूला खोळ उघडी ठेवायची, कारण तिथून चेन जाते. त्याला हे पटलं, पण खोळीची कड मी सरळ कापणार होतो तिथे तो जोरात "नो, नो" म्हणाला. कागदावर त्याने चित्र काढलं: दोन्ही टोकं निमुळती, आंब्याच्या पानासारखी. सरळ कड ठेवली तर सगळा ताण एका रेषेवर येतो आणि पुढचा तडा त्या रेषेवर पडतो. टोक निमुळतं केलं की ताण हळूहळू उतरतो. वडिलांच्या जुन्या सायकलींच्या सांध्यांनाही तशीच टोकं होती. इतकी वर्षं मला ती नक्षी वाटत होती.

खोळीसाठी नळी हवी होती. शेडच्या मागे भाड्याच्या सायकलींतली एक गंजलेली फ्रेम अजून पडून आहे. तिचा मागचा चिमटा कापला, उभा चिरला, सळईवर ठोकून मापात आणला आणि कानशीने टोकं काढली. यात दीड तास गेला. मुलगी मध्येच म्हणाली, ग्राइंडरने पाच मिनिटांत होईल. ग्राइंडरने झालं असतं, पण खोळ आणि नळीत कागद जाईल एवढीच फट हवी असते. फट मोठी झाली की पितळ आत ओढलं जात नाही, नुसतं वर साचतं.

मागच्या दोन खाचांमधलं अंतर १३५ मिलिमीटर होतं. आट्यांचा बार घालून, आत-बाहेर नट आवळून ते तिथेच बांधून टाकलं. खाचेच्या पट्टीला ओल्या फडक्याचा जाड वेढा दिला, म्हणजे त्या माणसाच्या सांध्यापर्यंत उष्णता पोचणार नाही. आणि नळीच्या आतल्या अंगाला, सहज दिसणार नाही अशा जागी, त्याने ठेवलेलं बारीक भोक रंगाने बुजलं होतं, ते टाचणीने मोकळं केलं. नळी तापली की आतली हवा फुगते. तिला वाट नसेल तर ती वितळलेल्या पितळेतून बुडबुडे काढत बाहेर येते. ते भोक मी त्याला न विचारता शोधलं. पडद्यावर त्याने माझा हात तिकडे जाताना बघितला आणि हसला. फोन त्याने बंद केला नाही.

मग बोलणं थांबलं. नळी आधी जांभळट झाली, मग गुंजेसारखी लाल, त्याच्या किंचित पुढे गेली आणि टाकणखार पाण्यासारखा पसरला. रॉडचं टोक कडेला लावलं. एक थेंब पडला, क्षणभर गोळा होऊन थांबला आणि अचानक खोळीखाली शिरला. ज्योत मी दुसऱ्या कडेला नेली, पितळ तिच्यामागे आलं, आणि पलीकडच्या कडेला बारीक सोनेरी रेघ उमटली. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. फडक्यातून वाफ येत होती. मुलीने पाण्याचा मग पुढे केला, तर मी तिच्यावर ओरडलोच. हे पोलाद लाल असताना पाणी मारलं की काचेसारखं ठिसूळ होतं. त्याला आपल्या गतीने निवू द्यायचं. नंतर तिला तसं समजावून सांगितलं.

बार काढला तेव्हा अंतर १३५ भरलं. पुढच्या नळीला वळसा घालून दोन्ही खाचांपर्यंत दोरा ताणला आणि मधल्या उभ्या नळीपासूनचं अंतर दोन्हीकडे मोजलं. फरक एक मिलिमीटरच्या आत. ते आकडे बाईंनी फोनवर सांगितले. पलीकडून तो काहीतरी लांबलचक बोलला. बाई थोडं थांबल्या आणि मुलीला म्हणाल्या, तो विचारतोय, तुझ्या वडिलांना कोणी शिकवलं? मुलीने माझ्यासाठी न थांबता सांगितलं, माझ्या आजोबांनी.

चाचणीला उशीर झाला, म्हणून त्या राहिल्या. रात्री घावणे आणि नारळाची चटणी झाली. बायको त्यांना ताई म्हणायला लागली आणि त्यांनीही तो शब्द उचलला. मी त्यांना अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा यांच्याबद्दल सांगितलं. मुंबईचे हे पारशी तरुण १९२३ मध्ये सायकलवर निघाले आणि साडेचार वर्षांनी, १९२८ मध्ये, जग फिरून परत आले. ताईंनी नावं वहीत लिहून घेतली आणि विचारलं, त्यांच्या फ्रेम तुटल्या तेव्हा कोणी जोडल्या? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. झोपताना मी त्याचाच विचार करत होतो.

सकाळी चारही पिशव्या लादून त्यांनी जेटीच्या चढावर दोन फेऱ्या मारल्या. मी मागे पळत कान देऊन ऐकत होतो. टक टक गेली होती. सांध्यावर मी रंग लावला नाही. गरम पाण्याने टाकणखाराची काच घासून काढली आणि पारदर्शक वॉर्निशचे दोन हात दिले, म्हणजे काही झालं तर डोळ्याला दिसेल. दर रविवारी पुसून बघा, निमुळत्या टोकांच्या पुढे बघा, असं सांगितलं. स्टँड काढून घेतला. तो माझ्याकडेच आहे. गॅस आणि मजुरीचे सहाशे रुपये झाले. ताई जास्त देत होत्या, ते घेतले नाहीत. तवसाळहून जयगडची बोट गाठायची होती, म्हणून त्या साडेआठला निघाल्या.

पाच आठवड्यांनी मुलीच्या फोनवर कन्याकुमारीहून एक फोटो आला. त्यात समुद्र नाही, ताई नाहीत. फक्त पुसलेली नळी, वॉर्निशखालचं पितळ आणि आंब्याच्या पानासारखं टोक. टोकाच्या पुढे हिरवा रंग. मी फोटो बोटांनी मोठा करून टोकाच्या पुढे बघितलं, मग दुसऱ्या टोकाच्या पुढे. रेघ नव्हती.