विकतच्या मुंग्या

पाय दुमडून बसलं आणि मुंग्या आल्या की माणूस पाय झटकतो, आपटतो, हसत-कण्हत चार पावलं लंगडतो. मुंग्या ही घालवायची गोष्ट. मी मात्र ऑपरेशन करून त्या आणवल्या. विकतचं दुखणं घेणारे पुष्कळ असतात, विकतच्या मुंग्या घेणारी आमच्या घरात मी पहिलीच.

कमरेखाली, उजव्या कुल्ल्याच्या जरा वर, कातडीखाली एक बॅटरी आहे. साधारण काडेपेटीएवढी. कपडे बदलताना हात लागतो तेव्हा कडा जाणवते. तिच्यातून दोन बारीक तारा निघतात आणि मणक्यांच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाला बाहेरून टेकून वर जातात. प्रत्येकीच्या टोकाला आठ इलेक्ट्रोड. गंमत म्हणजे दुखतं कमरेत आणि डाव्या पायात, तारांची टोकं मात्र पार वर, बरगड्यांच्या आठव्या-नवव्या मणक्यापाशी. खालून वर निघालेली तक्रार तिथून जाते म्हणे, म्हणून नाकाबंदी तिथे. यंत्राचं नाव स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर. आम्ही नुसतं ‘मशीन’ म्हणतो.

त्याआधी मणक्याची दोन ऑपरेशनं झाली होती. दोन्ही यशस्वी. म्हणजे स्कॅन सुरेख आला, डॉक्टर खूश, आणि दुखणं होतं तिथेच.

तत्त्व समजायला सोपं आहे. कोपर दाराला आपटलं की आपण काय करतो? खसाखसा चोळतो. चोळल्याने कोपर दुरुस्त होत नाही, पण कळ दबते. स्पर्शाचे संदेश जाड, वेगवान मज्जातंतूंतून येतात, ठणक्याचे बारीक, संथ तंतूंतून. आणि मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाची गर्दी झाली की दुखण्याला ते पुढे सोडत नाही. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ही कल्पना १९६५ मध्ये मांडली. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, नॉर्मन शिली या अमेरिकी सर्जनने कॅन्सरच्या वेदनांनी हैराण झालेल्या एका रुग्णाच्या पाठीत पहिलं असं यंत्र बसवलं. त्याच्याही फार आधी, पहिल्या शतकात, स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य पायाच्या वातावर उपाय सांगत असे: समुद्रकाठच्या ओल्या वाळूत विजेचा झटका देणाऱ्या जिवंत माशावर पाय ठेवायचा आणि गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर उभं राहायचं. माझ्या नशिबी मासा आला नाही, बॅटरी आली. तर हे मशीन म्हणजे आतून अखंड चोळत राहणारा हात. चोळल्याची खूण म्हणून मुंग्या.

या उपचाराची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची रंगीत तालीम. आधी फक्त तारा आत घालतात, दुसरी टोकं पाठीतून बाहेर, चिकटपट्ट्यांनी बांधलेली, आणि यंत्र कमरेच्या पट्ट्यात. असं आठवडाभर राहायचं. दुखणं निम्म्याने तरी कमी झालं तर पुढे जायचं, नाहीतर तारा ओढून काढायच्या. बाकी कोणत्या ऑपरेशनला अशी सोय असते?

तारा घालताना मला जागं ठेवलं होतं. मी पालथी. पाठीच्या त्या भागापुरतीच भूल. पलीकडे मॉनिटरपाशी एक तरुण तंत्रज्ञ. ती बटण दाबायची आणि विचारायची, “कुठे जाणवतंय?”

“पोटाला. पुढून.”

“बरं. आता?”

“डावी मांडी. बाहेरून.”

“कमरेत?”

“नाही अजून.”

डॉक्टर तार केसभर सरकवायचे, पुन्हा प्रश्न. कितीतरी वर्षं मी “कुठे दुखतं?” याला उत्तर देत आले होते आणि समोरचा माणूस माझं ऐकता ऐकता स्कॅनकडे बघायचा. त्या दिवशी मी सांगेन तसं सगळं हलत होतं. मग एकदम, नेमक्या त्या जागी, जिथे रोज सुरी फिरायची, तिथे मुंग्यांची रांग लागली. “इथे, इथे!” मी ओरडलेच. पालथं पडून रडायला फार अडचण होते, हे तेव्हा कळलं.

तालमीच्या आठवड्यात नवरा रोज रात्री आकडा लिहायचा. शून्य ते दहा. आठाचे चार झाले, एकदा तीन. मग कायमची बॅटरी बसली. पुढचे दोन महिने वाकायचं नाही, वळायचं नाही, उचलायचं नाही. तारा टाक्यांनी धरलेल्या असल्या तरी भोवती पेशी धरेपर्यंत सरकू शकतात, आणि सरकली की मुंग्या भलतीकडेच धावतात. घरात खाली पडलेली प्रत्येक वस्तू त्या काळात जणू माझ्याकडेच बघत होती.

“बरं वाटतं ना आता?” या प्रश्नाला अजून धड उत्तर सापडलेलं नाही. ‘हो’ म्हटलं तर लोक खुर्ची उचलायला सांगतात. ‘नाही’ म्हटलं तर एवढं करून काय मिळवलं असा चेहरा करतात. दुखण्याने पाठ सोडलेली नाही, ते शेजारच्या खोलीत गेलंय. भिंतीपलीकडून त्याचा आवाज येतो. पण मला वीस मिनिटं उभं राहता येतं, आणि रात्री सलग चार तास झोप लागते. हे चार तास ज्याला रोज मिळतात त्याला त्यांचं काय कौतुक कळणार!

मशीनच्या काही खोडी आहेत. आडवं झालं की मज्जारज्जू तारांच्या जवळ येतो, आणि बसताना मंद वाटणाऱ्या मुंग्या एकदम अंगावर चाल करून येतात. म्हणून झोपायच्या आधी रिमोटने दोन पायऱ्या खाली. शिंक आली तर क्षणभर पायात वीज. गाडी चालवताना बंद. विमानतळावरच्या फाटकापाशी कार्ड दाखवायचं आणि आपण माणूसच आहोत हे समजावत बसायचं. एमआरआय करायचा तर आधी चौकशी, मग मशीन त्या मोडवर.

आणि चार्जिंग. दर रविवारी कमरेला पट्टा बांधून चार्जर बॅटरीवर आणायचा. जागा चुकली की तो पीं पीं करतो, दोन बोटं इकडे, एक बोट तिकडे, मग कुरकूर थांबते आणि कातडी हळूहळू कोमट होते. तासभर हलायचं नाही. लेक येता-जाता विचारते, “आई, किती टक्के झालीस?” ऑपरेशनआधी दुखण्याने बसवलं की चिडचिड व्हायची, आता बॅटरीने बसवलं तर कुणी काही म्हणत नाही, मीही नाही.

मध्यंतरी डॉक्टर म्हणाले, “तुमच्याच मशीनमध्ये मुंग्या न येणारा प्रोग्रॅम आहे, बघा वापरून.” पल्स निराळ्या पद्धतीने सोडतात, जाणवत काहीच नाही, काम मात्र चालू. महिनाभर वापरला. वहीत आकडे तेच, चार, कधी साडेतीन. तरी मी बेचैन. चालू आहे हे कळणार कसं? त्यातच नको ते वाचलं. २०२२ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माझ्यासारखेच, मणक्याच्या ऑपरेशननंतरही पाय दुखत राहिलेले ५० रुग्ण. काही महिने यंत्र चालू, काही महिने बंद, आणि कधी काय हे त्यांना कळू द्यायचं नाही. ते जमलं, कारण प्रोग्रॅम बिनमुंग्यांचा होता. चालू-बंदमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. यंत्र कसं लावलं होतं यावरून डॉक्टरांमध्ये पुढे बरेच वाद झाले. ते वादही मी वाचले, पण मनात बसायचं ते बसलं. माझे चार तास तारांचे की माझ्या भाबडेपणाचे?

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “चार तास झोपतेस ना? मग पावती कशाला मागतेस?” त्याचं बरोबर असेल. त्याच्या पाठीत काही नाही.

हल्ली दिवसा बिनमुंग्यांचा प्रोग्रॅम असतो. रात्री दिवा मालवल्यावर मी उशीखालचा रिमोट काढते आणि मुंग्यांवर टाकते. कमरेतून निघतात, मांडीच्या बाहेरून गुडघ्याकडे उतरतात. घोट्यापर्यंत पोचल्या की मोजणी पुरी झाल्यासारखं वाटतं. मग पुन्हा बटण दाबून त्यांना घालवते आणि कूस बदलते.