जर्मनीतलं रहिवास कार्ड: मुंबईचा व्हिसा ते हातातलं कार्ड

मुंबईहून निघालेलं विमान साधारण नऊ तासांत फ्रँकफुर्टला उतरतं. रहिवास कार्ड हातात पडायला मात्र महिने लागतात. या मधल्या काळात एकच तारीख लक्षात ठेवायची: व्हिसाच्या स्टिकरवर 'बिस' या शब्दापुढे छापलेली. ब्लू कार्डासाठी, म्हणजे चांगल्या पगाराच्या पदवीधर नोकरदारांच्या रहिवास परवान्यासाठी, मिळालेल्या डी व्हिसाची (दीर्घ मुक्कामासाठी प्रवेशाच्या व्हिसाची) मुदत त्या दिवशी संपते, आणि त्याच्या आत रहिवास परवान्याचा अर्ज दाखल झालेला असावा लागतो. कार्ड त्यानंतर आलं तरी चालतं, अर्ज उशिरा गेलेला चालत नाही. पासपोर्ट परत मिळाला की व्हिसावरची तारीख, नावाचं स्पेलिंग आणि कंपनीचं नाव तिथेच तपासा. चूक मुंबईत दुरुस्त होते, तिकडे गेल्यावर तीच चूक पत्रव्यवहारात महिना खाते.

निघण्याआधी तीन कामं. पहिलं म्हणजे पासपोर्टची मुदत. कार्डाची मुदत पासपोर्टच्या पुढे जात नाही. ब्लू कार्ड एरवी चार वर्षांपर्यंत मिळू शकतं, पण पासपोर्टचं दीड वर्ष उरलं असेल तर कार्डही दीडच वर्षाचं, आणि मग पुन्हा सगळी फेरी, पुन्हा फी. पुण्यात किंवा मुंबईत नवा पासपोर्ट काढून मगच व्हिसाला बसा.

दुसरं काम पदवीचं. अनाबिन या सरकारी यादीत विद्यापीठापुढे 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, अशी खूण आहे का आणि पदवी जर्मन पदवीच्या तोडीची मानली आहे का, हे बघून दोन्ही पानांचे प्रिंट काढून ठेवा. कॉलेज नव्हे, विद्यापीठ शोधायचं. निम्मा गोंधळ इथेच होतो. यादीत पदवी सापडली नाही तर बॉनमधल्या परदेशी पदव्या तपासणाऱ्या कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, त्याची फी २०८ युरो. पगाराची अट दरवर्षी बदलते: २०२५ साठी ती वर्षाला ४८,३०० युरो होती, २०२६ साठी ५०,७०० आहे. आयटी, अभियांत्रिकी अशा टंचाईच्या क्षेत्रांसाठी आणि ताज्या पदवीधरांसाठी २०२६ चा आकडा ४५,९३४ युरो २० सेंट. हा आकडा करारातल्या ठरीव पगाराशी ताडून बघतात. कामगिरीवर मिळणारा बोनस त्यात धरून बसू नका.

तिसरं काम नावांचं, आणि मराठी कुटुंबांची सगळ्यात जास्त अडचण इथेच होते. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं दोन्ही असतं. जर्मन कार्यालय ते दोन्ही मिळून 'फोरनामं', म्हणजे पहिलं नाव, धरतं. म्हणून नोकरीचा करार, विमा, बँक, भाडेकरार, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव घाला. कुठे मधलं नाव आहे, कुठे नाही, असं झालं की समोरचा माणूस या दोन व्यक्ती समजतो. विवाह नोंदणीच्या दाखल्यात पत्नीचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर दोन्ही नावं जोडणारा कागद सोबत हवा. दाखल्याचं जर्मन भाषांतर तिथल्या न्यायालयाने शपथबद्ध केलेल्या अनुवादकाकडून करून घ्यायचं. मराठीचे असे अनुवादक मोजकेच आहेत, त्यामुळे दाखला इंग्रजीतही मिळाला तर काम सोपं होतं. अपॉस्टिलच्या शिक्क्यावर, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून आंतरराष्ट्रीय कराराखाली मिळणाऱ्या शिक्क्यावर, मात्र विसंबू नका. भारत २००५ पासून त्या करारात असला तरी जर्मनीने आक्षेप नोंदवल्यामुळे दोन्ही देशांत तो लागू झाला नाही. शंका आली तर जर्मन वकिलात स्वतःच्या मार्गाने कागद पडताळते.

उतरल्यावर पहिलं ठिकाण परदेशी नागरिकांचं कार्यालय नव्हे, ब्युर्गरआम्ट, म्हणजे नागरी सेवा कार्यालय. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. अपॉइंटमेंट त्यानंतरची मिळाली तर ती घ्या आणि बुकिंग केल्याचा पुरावा ठेवा. इथे भाडेकरार दाखवून भागत नाही. 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' हा एक पानी फॉर्म लागतो. त्यात घरमालकाचं नाव-पत्ता, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव असतं, खाली मालकाची सही. मुलाचं नाव राहिलं की मुलाची नोंद होत नाही. कुटुंब मागून येणार असेल तर ते आल्यावर नव्याने फॉर्म. काही महिन्यांसाठी घेतलेल्या फर्निश्ड खोल्यांचे मालक अनेकदा ही सही द्यायला तयार नसतात. त्यामुळे पैसे भरण्याआधी लेखी विचारा, आनमेल्डुंग होईल का. उत्तर गुळमुळीत आलं तर ते घर सोडा, कितीही स्वस्त असो. नोंदीच्या वेळी विवाहाचा दाखला दाखवला नाही तर पगारावर अविवाहिताच्या वर्गाने कर कापला जाऊ शकतो.

त्याच दिवशी संध्याकाळी पत्रपेटीवर आणि बेलवर आडनाव लावा. तिथे फ्लॅट नंबर लिहायची पद्धत फारशी नाही. पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत. अकरा अंकी कर क्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, परदेशी नागरिक कार्यालयाची पत्रं, सगळं याच पेटीतून येतं. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही येतं, महिना १८ युरो ३६ सेंट, घरटी एक. टीव्ही नाही म्हणून ती टळत नाही.

आता अर्ज. प्रत्येक शहराची तऱ्हा वेगळी. बर्लिनमध्ये हे काम लांडेसआम्ट फ्युर आइनवांडेरुंग या स्थलांतर कार्यालयाकडे आहे, म्युनिकमध्ये महापालिकेच्या काफाउएर (केव्हीआर) या विभागाकडे, लहान गावात जिल्हा कार्यालयाकडे. कुठे ऑनलाइन अर्ज, कुठे ईमेल, कुठे अजून पोस्ट. मागतात ते कागद बहुतेक तेच: भरलेला अर्ज, पासपोर्ट, आनमेल्डुंगचा दाखला, भाडेकरार, नोकरीचा करार, कंपनीने भरून दिलेला नोकरीच्या तपशिलांचा फॉर्म, शेवटच्या तीन पगारपत्रकांपैकी जी आली असतील ती, पदवी आणि अनाबिनचे प्रिंट, आरोग्य विम्याचं सदस्यत्वपत्र. व्हिसासाठी घेतलेला प्रवासी विमा इथे चालत नाही. टेक्निकर, आओका, बार्मर अशा सार्वजनिक विमा संस्थेचं पत्र द्या. नुसती अपॉइंटमेंट मागणं हा अर्ज नव्हे. अर्ज कागदांसह पाठवा, एखादा कागद राहिला असेल तर 'नंतर देतो' असं लिहा, आणि तारखेची पोचपावती पीडीएफ करून ठेवा. व्हिसा संपायच्या तीन महिने आधी अर्ज गेला की निर्धास्त राहता येतं.

अपॉइंटमेंटच्या दिवशी क्रमांक दारावरच्या पडद्यावर झळकतो. आत काम वीसेक मिनिटांचं. मूळ पासपोर्ट, बोटांचे ठसे, सही. सहा वर्षांवरील मुलांचेही ठसे घेतात. बोटांवर ताजी मेंदी किंवा कापल्याची जखम असेल तर यंत्र कुरकुरतं, तेव्हा त्या आठवड्यात मेंदी टाळलेली बरी. मे २०२५ पासून कागदी फोटो चालत नाही. कार्यालयातल्या यंत्रावर काढायचा, त्याचे ६ युरो, किंवा नोंदणीकृत फोटोग्राफरकडून डिजिटल पाठवून त्याचा कोड आणायचा. कार्डाची फी १०० युरो, मुलांची निम्मी. ती बहुतेक ठिकाणी गिरोकार्डने, म्हणजे जर्मन बँकेच्या डेबिट कार्डाने, भरतात, भारतातल्या क्रेडिट कार्डावर भिस्त ठेवू नका.

कार्ड बर्लिनच्या बुंडेसड्रुकेरायमध्ये छापलं जातं, चार ते सहा आठवडे धरा. तोवर व्हिसा संपत असेल तर फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता दाखला, मागा, फी १३ युरो. हा कागद घेताना टेबलावरून उठण्याआधी आतली खूण बघा. रहिवास कायद्यातल्या कलम ८१ च्या चौथ्या उपकलमावर खूण असेल तर जुना व्हिसा पुढे चालू, नोकरी चालू, भारतात जाऊन परतता येतं. तिसऱ्यावर असेल तर देशात राहता येतं, पण बाहेर गेल्यावर या कागदाच्या जोरावर परत येता येत नाही. गणपतीला गावी जाण्याची तिकिटं काढण्याआधी हे बघा. चौथं उपकलम असलं तरी मुंबईच्या काउंटरवर हा घडीचा कागद सगळ्यांना ओळखीचा नसतो, म्हणून थेट जर्मनीत उतरणारं विमान घ्या. तीन महिने उलटूनही अर्जावर काहीच हालचाल नसेल तर प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते. पण बहुतेक वेळा त्याआधी वकिलाचं एक पत्र पुरतं.

कार्डासोबत हिरवं जोडपान मिळतं, त्यात नोकरीच्या अटी असतात. ते हरवू नका, नवी कंपनी तेच मागते. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलली तर कार्यालयाला कळवावं लागतं, ते ३० दिवसांपर्यंत बदल थांबवू शकतं आणि नाकारूही शकतं. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मनची ए१, म्हणजे सगळ्यात प्राथमिक पातळीची, परीक्षा सक्तीची नाही आणि नोकरीची मुभा पहिल्या दिवसापासून असते. सलग बारा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिलं तर ब्लू कार्ड रद्द होतं. इतर परवान्यांना ही मर्यादा सहा महिन्यांची. बाळ तिकडे झालं तर सहा महिन्यांच्या आत त्याचाही अर्ज करायचा, आणि त्याआधी भारतीय वकिलातीतून त्याचा पासपोर्ट काढायचा.

कायमच्या परवान्यासाठी ब्लू कार्डावर जर्मनची ए१ पातळी असेल तर २७ महिने लागतात, त्यावरची मध्यम पातळी बी१ असेल तर २१. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात निघण्यापूर्वी ए१ करून टाकलं तर बी१ तिथे नोकरी सांभाळून जमतं. त्या अर्जाला निवृत्ती विम्याचा उतारा लागतो आणि तो पोस्टाने येतो. घर बदललेलं असेल तर आधी नवीन पेटीवर नाव लावा.