२११७ चे आठ बाण

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. शनिवार, संध्याकाळचे साडेसात. शटर मी अर्धं ओढून ठेवलं होतं. अर्धं शटर दिसलं की गिऱ्हाईक उद्यावर टाकतं, असा अनुभव. हे काका मात्र वाकून आत आले. काखेत युरियाच्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं.

नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत, खेळाच्या सामानाच्या दुकानामागे माझी नऊ बाय अकराची खोली आहे. धनुष्याची दोरी वळायची, कॅमचं (धनुष्याच्या टोकांवरच्या चाकांचं) टायमिंग लावायचं, बाण मापात कापायचे, नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) आणि पिसं बसवायची, हे माझं काम. २०२३ ला बर्लिनमध्ये आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेनं जागतिक तिरंदाजी स्पर्धेच्या फायनलला १५० पैकी १५० मारले, आणि तेव्हापासून पोराला घेऊन येणारे बाप वाढले. आल्या आल्या विचारतात, ओजस वापरतो ते बाण आहेत का? त्यांना तिथून खाली उतरवण्यात माझा अर्धा दिवस जातो. पोरगं अजून तीस मीटरवर मधल्या पिवळ्यात दोन आणि गवतात चार मारत असतं. त्याला भारीतला डझन घेऊन देणं म्हणजे सायकल शिकणाऱ्याच्या हाती बुलेट देणं. हरवतात, मोडतात, आणि मग घरी भांडणं.

काकांनी पोतं सोडलं. आत ६० पौंड ओढीचं कंपाउंड (चाकांचं) धनुष्य, अमेरिकन बनावटीचं, जंगली पानांच्या छपाईचं. सोबत चार कार्बनचे बाण.

"भाच्यानं देल्लं," ते म्हणाले. "थो तिकडे अमेरिकेत राह्यते. नवं घेतलं त्यानं, हे मागच्या साली इथंच सोडून गेला. पोट्ट्याच्या प्रॅक्टिसले बाण पाह्यजे होते, भाऊ. स्वस्तातले. पण थोडे जड."

भिवापूरकडचे होते. कापूस, तूर, थोडी मिरची. वेचणी चालू होती, पण कापूस अजून विकला नव्हता. खिशात अडीच हजार आणि परतीचं तिकीट. हे त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं. मला असं गिऱ्हाईक आवडतं. पैसे कमी असले की काम डोक्यानं करावं लागतं.

आधी त्यांचे बाण बघितले. माझ्याकडे स्पाइन, म्हणजे बाण किती ताठ ते, मोजायचं घरगुती यंत्र आहे. सागाची फळी, तिच्यावर बरोबर २८ इंचांच्या अंतरानं दोन बेअरिंग, आणि मधे इतवारीतून आणलेला डायल गेज. २९ इंची शाफ्ट (बाणाची दांडी) आडवा ठेवायचा, मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं (माझं वजन म्हणजे नट-बोल्ट भरलेला पावडरचा डबा, काट्यावर नेमका केलेला) आणि शाफ्ट किती झुकला ते वाचायचं. अर्धा इंच झुकला तर त्याची स्पाइन ५००, चार दशांश इंच झुकला तर ४००. आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. नवीन लोक हे हमखास उलटं धरतात.

काकांचे दोन निघाले ४०० चे, एक ३४० चा, एक ५०० चा. म्हणजे दोन सख्खे भाऊ, एक चुलत आणि एक शेजारचा. वजनातही तोच गोंधळ: सगळ्यात हलका ३६० ग्रेन (बाण तोलायचं बारीक माप), सगळ्यात जड ४१२. भाचा दर वर्षी उरलेसुरले पिशवीत टाकत गेला असणार.

"हे एका जागी लागतात का?" मी विचारलं.

"एक डावीकडे जाते, एक खाली जाते. मले वाटलं माह्याच हाताचं काही असंल."

हाताचं नव्हतं. दोरी सुटली की बाणाला मागून लाथ बसते आणि तो सापासारखा वळवळत निघतो. वळवळ प्रत्येक बाणाची सारखी असली तर चालतं, कारण साइट (नेम धरायची खूण) त्याप्रमाणे लावता येते. चार बाण चार तऱ्हेनं वळवळले तर देवसुद्धा नेम लावू शकत नाही. म्हणून पैसे कमी असले की मी एवढंच बघतो: सगळे एका जातीचे, एका वजनाचे, धनुष्याला साजेशा स्पाइनचे. सरळपणाचे दर्जे असतात, इंचाचा एक हजारांश, तीन हजारांश, सहा हजारांश. किंमत त्याच्यावर उड्या मारते. सहा हजारांश म्हणजे मिलिमीटरच्या दीड दशांशाएवढा बाक. वीस-तीस मीटरवर तो नवख्याला कळतसुद्धा नाही, खिशाला तेवढा कळतो.

पाचशेचा तो बाण हातात घेतला तेव्हा काहीतरी खटकलं. काकांच्या बाहीला कापसाचा पुंजका चिकटला होता, वेचणीचाच. तो काढला आणि बाणावरून नॉककडून टोकाकडे हलकेच फिरवत नेला. नॉकपासून वीतभर अंतरावर कापूस अडकला. दोन-तीन तंतू तिथेच राहिले. डोळ्याला काही दिसत नव्हतं. मग बाण दोन्ही हातांनी कानाजवळ धरून थोडा वाकवला, फिरवला, परत वाकवला. कर्र.

"आयकलं का?"

त्यांनी बाण घेतला, स्वतः वाकवला. कर्र. चेहरा उतरला.

"हा काल सोडला होता मी. दोनदा."

कार्बनचं हेच वाईट. अ‍ॅल्युमिनियम वाकतं, आणि वाकलं की दिसतं. काचेवर लोळवला की डुगडुगतो. कार्बन एक तर सरळ असतो नाहीतर फुटलेला असतो, आणि फुटलेला कित्येकदा सरळच दिसतो. ६० पौंडांवर तो दोरीतच फुटला तर त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. प्रत्येक वेळी, दगडाला-बिगडाला लागलेला बाण तर नक्कीच, असा वाकवून ऐकायचा. हे मी पोरांना घसा बसेपर्यंत सांगतो, आणि त्यातली चार पोरं ऐकतात.

त्याच वेळी मला माझे आठ आठवले.

माळ्यावर कागदी नळीत अ‍ॅल्युमिनियमचे आठ बाण तीन वर्षांपासून पडून होते. कुणीतरी खास मागवायला लावले आणि न्यायला फिरकलाच नाही. त्यांचा नंबर २११७. अ‍ॅल्युमिनियमच्या नंबरातच सगळं लिहिलेलं असतं: पहिले दोन आकडे म्हणजे जाडी, एकवीस चौसष्टांश इंच. शेवटचे दोन म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी, सतरा हजारांश इंच. आणि २११७ ची स्पाइन येते ४००. काकांच्या धनुष्याला बरोबर बसणारी. शिवाय जड, इंचाला १२ ग्रेन. त्यांना जडच हवे होते.

आठही यंत्रावर घातले. डायलचा काटा प्रत्येक वेळी त्याच रेघेवर येऊन थांबला. तसं होताना बघायला फार बरं वाटतं, हे माझ्या धंद्याबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. काचेवर लोळवले, एकही डुगडुगला नाही. तीनशेला एक म्हटलं. आठांचे चोवीसशे. काकांनी नोटा मोजल्या, शंभर वर राहिले, चहा मीच मागवला. माझा अडकलेला माल निघत होता, त्यांचं काम होत होतं, शटर मी विसरलोच होतो. धनुष्याची दोरीपण झिजलीय, ती बदलावी लागेल, असंही सांगून ठेवलं.

इन्सर्टची (बाणाच्या तोंडाशी पॉइंट, म्हणजे टोक, ज्यात फिरवून बसतं त्या तुकड्याची) आटी जुळते का ते बघायला म्हणून मी शेवटी विचारलं, "पॉइंट कोणते लावता?"

त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची एक डब्बी काढली. आत तीन पात्यांचे तीन ब्रॉडहेड. एकाच्या मुळाशी काळपट काहीतरी सुकलं होतं.

पुठ्ठ्यावर प्रॅक्टिस करायला कुणी पातं लावत नाही. मला हे आधीच कळायला हवं होतं. जड बाण, शिकारीच्या छपाईचं धनुष्य, पिळदार बसवलेली लांब पिसं. पात्याचं टोक हवेत भरकटू नये म्हणूनच पिसं तशी बसवतात. सगळं टेबलावर होतं. मी काट्याकडे बघत बसलो होतो.

"काका, डुक्कर?"

त्यांनी लपवलं नाही. "मंग काय करू? सोयाबीन खाल्ली, आता तुरीत शिरले. रातच्या रातभर जागल करून राह्यलो. तिकडं काही लोक तारेत करंट सोडतेत. त्याच्यात वाघ मरते, माणूसही मरते. त्याच्यापरीस बाण बरा नाही का?"

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. कायदा सांगितला, तो सांगणं सोपं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, शिकार करायचा प्रयत्नही शिकारच धरतात, आणि १ एप्रिल २०२३ पासून याद्या बदलल्या तेव्हापासून रानडुक्कर संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली परवानगी मागता येते, पण ती आधी लेखी हातात हवी. नुकसानभरपाईचा अर्जही असतो.

"केला होता अर्ज. पैसे आले. बियाण्याचे निघाले त्याच्यात." मग ते म्हणाले, "तुमी भाच्याशीच बोला. थो तिकडे मारते, सरकारच्या परवान्यानं."

व्हिडिओ कॉल लावलासुद्धा. भाचा पेनसिल्वेनियात. तिकडे सकाळ, कामावर पोचून गाडीत बसला होता. मला वाटलं होतं हा मामाची बाजू घेईल.

सुरुवात मजेत झाली. मी म्हटलं, तुझे चार बाण चार गोत्रांचे आहेत. तो हसला. म्हणाला, "शिकत होतो तेव्हा पैसे नव्हते ना. दुकानातले सुटे घ्यायचो." आता तो सहा हजारांशवालेच घेतो, डझनभर एकदम. घरी पातं लावून एकेक टोकावर गरगर फिरवतो, जो डुगडुगेल तो प्रॅक्टिसला. सरावाचा बिनपात्याचा पॉइंट (फिल्ड पॉइंट) आणि पातं एकाच वजनाचं ठेवतो, पाती घरीच घासून धार लावतो. पैसे वाचवायचे तर तिथं, म्हणाला, बाण जुळवण्यात नाही. मी मनात म्हटलं, हा आपल्यातला आहे.

"मामा, पोट्ट्याला फिल्ड पॉइंटच द्या पण. ती डब्बी काढून ठेवा."

काका बोलले नाहीत. मी बोललो. डुकरासाठी आहे म्हटलं, आणि एक वापरून झालंय.

थोडा वेळ स्क्रीनवर नुसतं गाडीचं छत दिसत होतं. मग तो म्हणाला, "मामा, मी वीस यार्डाच्या पुढं सोडत नाही. दिवसा. हरणाला. लागला तरी ते तिथं पडत नाही, पळतं. मी अर्धा तास झाडावरून खालीपण उतरत नाही, मग रक्ताच्या मागानं जातो. तिकडे कायद्यानं ३५ पौंडांच्या खालचं धनुष्य चालत नाही, पातं कमीत कमी सात अष्टमांश इंच रुंद लागतं, नव्या शिकाऱ्याला आधी कोर्स करावा लागतो. आणि डुकराच्या खांद्यावर ढालीसारखी जाड कातडी असते. तुम्ही अंधारात, बॅटरीच्या उजेडात मारून राहिले?"

"एकाले लागला," काका म्हणाले. "आठ दिवस झाले. गेलं पळून."

"कुठं?"

"पराटीत."

मीच विचारलं मग, "पराटीत वेचणीला कोण येतं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या घरच्याच येत होत्या, सून आणि शेजारच्या तीन बाया. कमरेत वाकून, ओळीत, सकाळी दव असताना. जखमी डुक्कर पराटीत बसलेलं असलं तर ते हाताभरावर येईपर्यंत दिसत नाही.

भाच्याचा फोन तिथेच ठेवला, त्याला आत जायचं होतं. मी आठ बाण परत नळीत भरले. चोवीसशे त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी ते लगेच उचलले नाहीत. मला वाटत होतं ते चिडतील, म्हणतील दुसरीकडून घेतो. ऑनलाइन सगळं मिळतं, हे त्यांना माहीत नसेल असं नाही.

"शेवटची गाडी निघून जाईन," एवढंच म्हणाले.

नोटा खिशात घातल्या. डब्बी पिशवीत टाकता टाकता थांबले, परत टेबलावर ठेवली. धनुष्य पोत्यात घालायला घेतलं आणि तेही ठेवलं.

"दोरी बदलाची म्हन्ले ना तुमी. ठेवतो मंग."

दोरी बदलायला मला एक तास लागतो. मी म्हटलं, वेळ लागेल, काका, दोरी मागवावी लागते. ते म्हणाले, लागू द्या. पावतीवर नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, ॲडव्हान्स घेतला नाही. वाकून शटरखालून गेले आणि गणेशपेठच्या स्टँडकडे निघाले. फुटका बाणही टेबलावरच राहिला. तो मी भिंतीला टांगलाय, त्याच्यावर कापसाचे ते तंतू अजून आहेत. आता नवा बाप आला की आधी त्याच्या कानाशी वाकवतो.

धनुष्य खुंटीवर आहे. दोरी नवीन घातली, कॅम लावले. त्याला आता साडेतीन महिने झाले. मागच्या आठवड्यात मीच फोन केला, दोरी झालीय म्हणून. म्हणाले, येतो, तूर निघू द्या.

"किती राहिली?" मी विचारलं.

"अर्धी," ते म्हणाले. "बाया बऱ्या आहेत."